परदेशी प्रवासी चोरांच्या नजरेत का भरतो?

परदेशात लुटल्या गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न अन्यायाचा आहे. प्रवाशांवरच्या गुन्ह्यांचा इतिहास चाळला तर त्यांचा निष्काळजीपणा हे कारण बरेच खाली येते. वरची कारणे शतकानुशतके तीच आहेत. सगळी पुंजी अंगावर असते, परकेपणा लपत नाही आणि चार दिवसांत माणूस निघून जाणार असल्यामुळे कोर्टात साक्षीला कोणी उभे राहत नाही.

यातला पुंजीचा प्रश्न सर्वांत आधी हाती घेतला गेला. जेरुसलेमच्या वाटेवर यात्रेकरूंची लूट इतकी सर्रास होती की त्यांच्या रक्षणासाठी १११९ च्या सुमारास टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाची स्थापना झाली. एका ठिकाणी पैसे ठेवून दुसरीकडे चिठ्ठीवर ते उचलण्याची सोयही पुढे याच संघाने केली. १७७२ मध्ये लंडनमधल्या एका कंपनीने युरोपातल्या ९० शहरांत वटतील अशा हुंड्या काढल्या. अमेरिकन एक्सप्रेसचा ट्रॅव्हलर्स चेक आला १८९१ मध्ये. त्याची युक्ती साधी होती. चेक घेताना एक सही करायची आणि वटवताना समोरच्याच्या देखत दुसरी. सह्या जुळल्या तरच पैसे, आणि चेक हरवला तर नवा मिळणार. चोराच्या हाती कागद लागला तरी त्याचे पैसे करणे अवघड झाले.

पण माणूसच पळवला तर चेकचा काय उपयोग? १८७० च्या एप्रिलमध्ये ग्रीसमधले मॅरेथॉनचे रणांगण पाहून परतणाऱ्या ब्रिटिश आणि इटालियन मंडळींना दरोडेखोरांनी धरले. बायकांना सोडून दिले. पुरुषांसाठी खंडणी आणि स्वतःसाठी माफी मागितली. सैन्याने पाठलाग सुरू करताच चौघा ओलिसांना मारून टाकले. युरोपभर गदारोळ झाला आणि पाहुण्याची सुरक्षितता हा दोन सरकारांमधल्या वादाचा विषय बनला.

परकेपणा किती महागात पडतो, हे सर्वांत स्पष्ट दिसले ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात, १९९२-९३ मध्ये. तिथल्या भाड्याच्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ठराविक अक्षरे असत, शिवाय कंपनीचे स्टिकर. गाडीत पाहुणा बसला आहे, सामान आणि रोकड सोबत आहे, रस्ते त्याला माहीत नाहीत, हे सगळे लांबूनच कळे. गुन्हेगार मागून हलकेच धडक देत आणि चालक नुकसान बघायला उतरला की त्याला लुटत. १९९३ च्या एप्रिलमध्ये मायामीत वाट चुकलेल्या एका जर्मन महिलेचा असाच बळी गेला, तोही तिच्या आईच्या आणि मुलांच्या डोळ्यांदेखत. सप्टेंबरमध्ये आणखी एक जर्मन प्रवासी मारला गेला. धडक बसली तर थांबू नका, हा सल्ला त्याने पाळला होता. तो थांबला नाही, म्हणून त्याच्यावर गोळी झाडली. ‘लक्ष कुठे होतं’ विचारणाऱ्यांनी ही घटना जरूर आठवावी.

अशा घटनांमुळे सरकारला हलावे लागले. ती ओळखीची अक्षरे आणि स्टिकर काढले गेले आणि विमानतळावरून समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सूर्याचे चित्र असलेल्या दिशादर्शक पाट्या लागल्या. व्यवस्थेने प्रवाशाच्या कपाळावर मारलेला शिक्का व्यवस्थेलाच पुसावा लागला. मला हा या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

सरकारी प्रवास-सूचनांचीही अशीच एक दुखरी गोष्ट आहे. ५ डिसेंबर १९८८ रोजी फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या अमेरिकी वकिलातीत पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे विमान बॉम्बने उडवून देण्याची धमकी देणारा फोन आला. मॉस्कोतल्या वकिलातीने ती आपल्या कर्मचाऱ्यांसाठी फलकावर लावली. सामान्य प्रवाशांना कोणी सांगितले नाही. २१ डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन ॲमचे विमान बॉम्बने फुटले आणि २७० माणसे गेली. तो फोन खोटा होता, असे पुढे ठरले. तरीही लोकांचा संताप रास्त होता. कर्मचाऱ्यांना दिलेला इशारा जनतेलाही द्यायचा, हे धोरण त्यातून पक्के झाले.

साक्षीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पाकीटमाराला हे पक्के ठाऊक असते की तक्रारदार आठवड्याभरात विमानात बसणार. १० एप्रिल २०१३ रोजी पॅरिसचे लूव्र संग्रहालय दिवसभर बंद राहिले ते कर्मचाऱ्यांच्या संपामुळे. फुकट प्रवेश मिळणाऱ्या लहान मुलांच्या टोळ्या पाकिटे मारत होत्या आणि अडवणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच धमकावत होत्या. पकडलेली टोळी थोड्याच दिवसांत परत हजर, ही त्यांची तक्रार होती. २०२१ मध्ये जागतिक पर्यटन संघटनेने पर्यटकांच्या संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, पण तिच्यामागे प्रेरणा कोविडकाळात अडकून पडलेल्या प्रवाशांची होती.

वकिलातीबद्दलही गैरसमज फार. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार परदेशात अटक झालेल्या माणसाने मागणी केली तर त्याच्या वकिलातीला कळवावेच लागते. वकिलात तुम्हाला तुरुंगातून सोडवत नाही आणि चोरीचा तपासही करत नाही. पासपोर्ट गेला तर तात्पुरता प्रवास-दाखला देते. चोरीला गेल्याची नोंद केलेला पासपोर्ट नंतर सापडला तरी तो वापरू नये. इंटरपोलकडे २००२ पासून अशा पासपोर्टची यादी असते आणि सीमेवर तुम्हीच संशयित ठरता.

मोबाइलने तर घड्याळाचे काटे उलटे फिरवले. पुंजी विखुरण्याची सोय व्हायला कित्येक शतके गेली आणि आता बँक, तिकीट, नकाशा, ओटीपी असे सगळे पुन्हा एकाच खिशात आले. म्हणून दुसरे कार्ड वेगळ्या बॅगेत असावे, पासपोर्टची छापील प्रत जवळ असावी आणि घरच्या एकाचा नंबर पाठ असावा. फोन गेलाच तर आधी बँकेला कळवावे, मग सिम बंद करावे आणि तडक पोलीस ठाणे गाठावे. तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत तिथून हलू नये; विमा कंपनी आणि वकिलात, दोघेही तीच मागतात.