मक्याच्या अंगचा प्रतिकार : कीडप्रतिकारक वाणांच्या पैदाशीची पार्श्वभूमी

पावसाळ्यात गिरगाव चौपाटीपासून दादर स्थानकाबाहेरच्या पदपथापर्यंत जागोजागी कणसे भाजली जातात. विक्रेता कणीस सोलताना शेंड्याकडचा अळीने पोखरलेला भाग सुरीने छाटून टाकतो. मक्यावरच्या किडीशी मुंबईकराचा उघड संबंध येतो तो एवढाच. पण राज्यातल्या मक्याचा मोठा वाटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि त्यामुळे शेतातल्या अळीचा उपद्रव शहरातल्या अंड्यांच्या दरापर्यंत पोहोचतो. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा भागात अमेरिकन लष्करी अळी आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही शिरली. तेव्हापासून 'हिला तोंड देणारे वाण आहे का?' हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तो माणसाळला आणि अमेरिका खंडातल्या किडींच्या सहवासातच वाढला. भारतात आल्यावर त्याची गाठ पडली ती इथल्या ज्वारीवरच्या खोडकिड्याशी. ही अळी कोवळ्या पोंग्यात शिरते आणि गुंडाळलेली पाने आरपार कुरतडते. पान उलगडले की त्यावर ओळीने छिद्रे दिसतात, आणि अळी वाढीच्या टोकापर्यंत पोहोचली की पोंगा वाळून जातो. शेतकरी याला पोंगेमर म्हणतात. पोंग्यात दडलेल्या अळीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही, म्हणून झाडाच्या अंगीच प्रतिकार असावा ही गरज मक्याच्या बाबतीत विशेष तीव्र आहे.

या संशोधनाला अमेरिकेत वेग आला तो १९१७ नंतर. त्या वर्षी बोस्टनजवळ युरोपातून आलेला खोडकिडा सापडला आणि पुढे तो मक्याच्या मुख्य पट्ट्यात पसरला. काही वाणांवर अळ्या जगतात आणि काहींवर मरतात, हे पैदासकारांच्या लक्षात आले होते. रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात अशा निरीक्षणांना चौकट दिली. त्यांच्या मांडणीनुसार झाड किडीला नकोसे वाटू शकते, किडीची वाढ खुंटवू शकते किंवा नुकसान सोसूनही उत्पादन देऊ शकते. १९६० च्या दशकात आयोवातील संशोधकांनी या प्रतिकारामागचे एक रसायन ओळखले. डिम्बोआ नावाचे हे द्रव्य झाडात साखरेच्या रेणूशी जोडलेल्या निरुपद्रवी रूपात साठवलेले असते. अळीने पान चावले की पेशी फुटतात, विकर (एन्झाइम) त्याला मोकळे करते आणि मग ते अळीला बाधते. मात्र रोप मोठे होते तसे त्याचे प्रमाण घटते, त्यामुळे हंगामातल्या पहिल्या पिढीच्या अळ्यांना आवर बसला तरी दुसरी पिढी खोडात शिरतच राहिली. पुढे कणसाच्या केसांतले मेसिन हे द्रव्य पुढे आले. झापालोते चिको या मेक्सिकोतील गावरान मक्यात ते भरपूर असते आणि कणीस खाणाऱ्या अळीची वाढ त्यामुळे मंदावते.

या साऱ्या कामातला सर्वांत कष्टाचा भाग सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. वाणाची परीक्षा घ्यायची तर प्रत्येक झाडावर सारख्याच संख्येने अळ्या हव्यात. निसर्गाच्या भरवशावर राहिले, तर एखादे झाड केवळ पतंगाच्या नजरेतून सुटले म्हणून प्रतिकारक ठरते. म्हणून प्रयोगशाळेत कृत्रिम आहारावर हजारोंनी अळ्या वाढवायच्या, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या दाणे काढलेल्या कणसाच्या बारीक भरड्यात मिसळायच्या आणि लहानशा उपकरणाने तो भरडा मोजून एकेका पोंग्यात सोडायचा. काही आठवड्यांनी झाडागणिक पाने तपासून एक ते नऊ असे गुण द्यायचे. एक म्हणजे जवळजवळ अभंग, नऊ म्हणजे मरणपंथाला लागलेले. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने, म्हणजे सिमिटने, आपले अनेक किडींना प्रतिकारक असलेले मक्याचे संच याच पद्धतीने उभे केले.

भारतात अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये गंगा, रणजित, डेक्कन हे पहिले संकरित वाण आले. भर अर्थातच उत्पादनावर होता. तरीही खोडकिड्यासाठी चाचण्या झाल्या आणि त्यांत कॅरिबियन बेटांवरचा अँटिग्वा मका उपयुक्त ठरला. त्याच बेटांवरच्या मक्यापासून अमेरिकेतील मिसिसिपीत एमपी ७०४ ही शुद्ध वंशरेषा निघाली आणि तिच्या संकरातून १९९० मध्ये एमपी ७०८ आली. अळीने हल्ला केला की हिच्या पोंग्यात एक प्रथिन साठते आणि ते अळीच्या आतड्याच्या संरक्षक अस्तरालाच इजा करते. दूरच्या बेटांवरच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले बियाणे दोन देशांच्या कामी आले, हे मला या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते.

१९९६ पासून अमेरिकेत बीटी मका, म्हणजे अळीला मारणारे प्रथिन बनवणारे जिवाणूचे जनुक घातलेला मका, आला आणि ही संथ वाट काहीशी मागे पडली. जिवाणूच्या एकाच जनुकाने जे साधले, ते नैसर्गिक प्रतिकाराला साधले नव्हते, आणि फवारण्याही खरोखर कमी झाल्या. पण पुढे पोर्टो रिकोत लष्करी अळीने आणि दक्षिण आफ्रिकेत तिथल्या खोडकिड्याने अशा प्रथिनांना दाद देणे सोडले. नैसर्गिक प्रतिकार बहुधा अनेक जनुकांवर विसंबून असतो. तो अळीला सरसकट मारत नाही, म्हणून अळीलाही त्यावर सहजासहजी मात करता येत नाही. हाच गुण पैदासकाराला मात्र जड जातो, कारण अनेक जनुके एकत्र आणताना उत्पादन घसरू न देणे कठीण असते.

भारतात जनुकीय सुधारित मक्याच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी नाही, आणि लष्करी अळी डिम्बोआला पुन्हा साखर जोडून ते निष्प्रभ करते. त्यामुळे युरोपीय खोडकिड्यासाठी शोधलेली जुनी उत्तरे इथे जशीच्या तशी चालत नाहीत. सिमिटने डिसेंबर २०२० मध्ये आफ्रिकेसाठी या अळीला सहनशील असे तीन संकरित वाण जाहीर केले, त्यांमागे मेक्सिकोत दीर्घकाळ जपलेले प्रतिकारक संच होते. आपल्याकडेही निवड याच मार्गाने व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धवट प्रतिकारानेही हंगामातली एखादी फवारणी वाचत असेल, तर शेतकऱ्याला ते आधी कळले पाहिजे, आणि त्यासाठी बियाण्याच्या पिशवीवर कालावधी आणि उत्पादन यांच्या शेजारी वाणाचा कीडप्रतिकाराचा गुणांकही छापला गेला पाहिजे.