कर्बग्रहणासाठी कार्बोनेट इंधनघट

वीजकेंद्राच्या किंवा कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणारे आणि त्याच क्रियेत वीजही देणारे विद्युत-रासायनिक साधन. धूर धुण्याच्या रूढ पद्धतीत अमाइनचे (कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या सेंद्रिय रसायनाचे) द्रावण वापरतात. ते तापवून वायू सोडवायला दर टनामागे साधारण ३ ते ४ गिगाज्यूल उष्णता लागते. ही उष्णता केंद्राच्याच वाफेतून घेतल्याने वीज घटते. कार्बोनेट इंधनघटात (इंधनापासून थेट वीज देणाऱ्या घटात) मात्र विद्युतभार वाहण्याचे काम कार्बन डायऑक्साइडच करतो, त्यामुळे तो पलीकडे सरकला की वीज मिळते.

१९५० च्या दशकात नेदरलँड्समध्ये ब्रोअर्स आणि केटेलार या संशोधकांनी या घटावर पायाभूत काम केले. लिथियम आणि पोटॅशियम कार्बोनेटांचे मिश्रण (मोलांत सुमारे ६२:३८) लिथियम ॲल्युमिनेटच्या पातळ सच्छिद्र थरात केशाकर्षणाने धरलेले असते. ते सुमारे ४९०° सें.ला वितळते आणि घट ६५०° सें.च्या आसपास चालतो. इतक्या तापमानाला उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम लागत नाही: ॲनोड (इंधनाकडचा विद्युतअग्र) क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम मिसळलेल्या निकेलचा आणि कॅथोड (धुराकडचा विद्युतअग्र) लिथियमयुक्त निकेल ऑक्साइडचा असतो.

धूर कॅथोडच्या बाजूने सोडतात. तिथे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, ऑक्सिजनचा अर्धा रेणू आणि दोन इलेक्ट्रॉन मिळून कार्बोनेट आयन बनतो. तो वितळलेल्या मिठातून (म्हणजे कार्बोनेटांच्या मिश्रणातून) ॲनोडकडे जातो, हायड्रोजनशी संयोग पावतो आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड देतो. हायड्रोजन बहुधा मिथेनपासून घटातच तयार करतात. ही विक्रिया उष्णता शोषते, म्हणून घट थंड ठेवायलाही तिचा उपयोग होतो. मात्र कार्बनच्या एका अणूमागे वाफेचे किमान दोन रेणू हवेत. वाफ कमी पडली तर उत्प्रेरकावर काजळी धरते.

हिशेब फॅराडेच्या नियमाने थेट मांडता येतो. एका अँपिअरला तासाला ०.८२ ग्रॅम वायू सरकतो. चौरस सेंटीमीटरला १२० मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर एक चौरस मीटर घट तासाला जेमतेम एक किलो वायू पकडतो. ०.७५ व्होल्टला टनामागे सुमारे ९१० किलोवॅट-तास एकदिश (डीसी) वीज मिळते. पुढे वायू दाबायला त्यातले शंभरेक किलोवॅट-तास जातात.

अडचण धुराच्या सफाईत आहे. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड कार्बोनेटचे सल्फेट करतो, तर इंधनातला हायड्रोजन सल्फाइड निकेलला विषासारखा असतो. म्हणून नेहमीच्या गंधकनिवारणानंतर धूर पुन्हा अल्कलीने धुऊन गंधक दहा लाखांत एका भागाच्याही खाली आणावे लागते. धुण्याने थंड झालेला धूर कॅथोडमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर परत तापवतात. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १४ टक्के असतो, पण ऑक्सिजन बेताचाच, म्हणून वरून हवा द्यावी लागते. गॅस टर्बाइनच्या धुरात ऑक्सिजन भरपूर, पण कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के असतो.

हा विरळपणा फसवा ठरतो. कॅथोडच्या शेवटच्या टोकाला कार्बन डायऑक्साइड संपत आला, की पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन मिळून हायड्रॉक्साइड आयन बनतात व तेच प्रवाह वाहू लागतात. अँपिअर तेवढेच दिसतात, पकड मात्र घटते. त्यामुळे केवळ मीटरवरून पकडीचा आकडा काढणे चूक. कॅथोडच्या आधीचा आणि नंतरचा वायू मोजलाच पाहिजे. याउलट, कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढला की कॅथोडचे निकेल मिठात जास्त विरघळते, मधल्या थरात धातू होऊन साचते आणि शेवटी घट आतून शॉर्ट होतो. मीठ बाष्परूपाने व गंजातही हळूहळू कमी होते. घट वारंवार थंड केला, तर मीठ गोठून-वितळून मधल्या थराला तडे जातात.

ॲनोडमधून बाहेर येणाऱ्या वायूतील पाणी थंड करून काढतात, कार्बन डायऑक्साइड दाबून व गारठवून द्रव करतात आणि उरलेला हायड्रोजन इंधनात परत पाठवतात. इंधनाचा ७५ टक्के वापर धरला, तर मिथेनचा एक रेणू धुरातले तीन कार्बन डायऑक्साइड रेणू ओढतो आणि चौथा स्वतःचा टाकतो. म्हणजे १६ किलो मिथेनमागे १३२ किलो धुरातला आणि ४४ किलो इंधनाचा. साठवण दोन्हींची करावी लागते. शिवाय मिथेन वाहून आणताना झालेली गळतीही हिशेबात धरावी लागते, पण नेमकी तीच बऱ्याचदा वगळली जाते.

कोळशावरचे ५०० मेगावॅट केंद्र तासाला सुमारे ४५० टन कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यातला ९० टक्के पकडायला वरच्या दराने चार लाख चौरस मीटरहून अधिक घट लागतात आणि त्यांतून सुमारे ३७० मेगावॅट वीज निघते. जुन्या केंद्राशेजारी गॅसवर चालणारे दुसरे मोठे केंद्रच उभारावे लागते, आणि त्याच्या विजेला ग्रिडवर गिऱ्हाईक हवे. रात्री मागणी नाही म्हणून प्रवाह कमी केला, तर त्याच प्रमाणात धूर न पकडताच चिमणीतून वर जातो.