‘ऑल्दो’नंतर ‘बट’ का नको? इंग्रजी मिश्र वाक्यामागचा इतिहास

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी वहीत एक वाक्य हमखास सापडते: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टु स्कूल.’ ‘बट’वर लाल काट बसते आणि समासात शेरा येतो, ‘ऑल्दो’ असताना ‘बट’ नको. शेरा योग्यच आहे. पण ‘जरी पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेत गेलो’ या वाक्यात मराठीला ‘जरी’ आणि ‘तरी’ दोन्ही चालतात, मग इंग्रजीला एकावरच का थांबायचे असते, हे त्या शेऱ्यातून कळत नाही. याचे उत्तर इंग्रजीच्या हजारभर वर्षांच्या वाटचालीत आहे. मराठी वाचकाला ते चटकन पटेल, कारण इंग्रजीही एके काळी अशीच जोडीने चालत असे.

साधारण इ. स. ११०० पर्यंतच्या इंग्रजीला प्राचीन इंग्रजी म्हणतात. त्या भाषेत ‘जेव्हा’साठी ‘था’ हा शब्द होता आणि ‘तेव्हा’साठीही ‘था’च. ‘जरी–तरी’साठी ‘थेआह… थेआह’ आणि ‘जसे–तसे’साठी ‘स्वा… स्वा’. दोन्ही वाक्यांच्या तोंडी एकच शब्द असेल तर ‘जेव्हा’ कोणता आणि ‘तेव्हा’ कोणता हे कळायचे कसे? ते क्रियापदाच्या जागेवरून कळे. मुख्य वाक्यात ‘था’च्या लगेच मागून क्रियापद येई आणि मग कर्ता. गौण वाक्यात, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेल्या वाक्यात, कर्ता आधी येई आणि क्रियापद बहुधा शेवटी जाई. मराठी शब्द घालून तो साचा असा दिसेल: ‘था राजाने ते वर्तमान ऐकले, था निघाला तो उत्तरेकडे.’ पहिल्या भागात ‘ऐकले’ शेवटी आहे, म्हणून तो ‘जेव्हा’चा भाग. दुसऱ्यात ‘निघाला’ ‘था’ला चिकटून आहे, म्हणून तो ‘तेव्हा’चा.

पुढच्या तीन-चार शतकांत शब्दांचे प्रत्यय झिजले आणि कर्ता–क्रियापद–कर्म हा क्रम दोन्ही प्रकारच्या वाक्यांत पक्का होत गेला. आता क्रियापदाच्या जागेवरून गौण वाक्य ओळखता येईना. ही खूण गेल्यावर ती जबाबदारी एका निराळ्या, नेमक्या शब्दावर आली. ‘था’ मागे पडला आणि त्याच्या जागी ‘व्हेन’ आला, जो मूळचा केवळ प्रश्नार्थक होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने लिहिलेल्या ‘द कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत हे स्थित्यंतर होताना दिसते. तिचे पहिले वाक्य तब्बल १८ ओळींचे आहे. पहिल्या ओळीत ‘व्हान दॅट’, पाचव्या ओळीत पुन्हा ‘व्हान’, आणि बाराव्या ओळीत उत्तरादाखल ‘थान’. ‘जेव्हा… आणि जेव्हा… तेव्हा’ अशीच ती रचना आहे. जोडी अजून शाबूत आहे, फक्त दोन्ही शब्द आता वेगळे झाले आहेत.

त्या ‘व्हान दॅट’मधला ‘दॅट’ही पाहण्याजोगा आहे. त्या काळी ‘इफ दॅट’, ‘व्हेन दॅट’, ‘बिकॉज दॅट’ असे सर्रास लिहीत. पुढे गौण वाक्य सुरू झाले आहे, एवढेच तो ‘दॅट’ सांगत असे. शेक्सपिअरपर्यंत तो टिकला. आज तो ‘सो दॅट’, ‘नाऊ दॅट’ आणि ‘प्रोव्हायडेड दॅट’ अशा मोजक्या ठिकाणी उरला आहे.

बाकीचे शब्दही असेच कुठून कुठून गोळा झाले. ‘व्हाइल’ हे मुळात नाम, अर्थ ‘काही वेळ’. ‘ज्या वेळात’ अशा शब्दसमूहातून ते अव्यय झाले आणि नंतर ‘एकीकडे असे, तर दुसरीकडे तसे’ हा विरोधाचा अर्थही त्याला चिकटला. ‘सिन्स’ मूळचा ‘त्यानंतर’. एका गोष्टीनंतर दुसरी घडली की पहिली दुसरीचे कारण वाटू लागते, त्यामुळे ‘ज्याअर्थी’ हा अर्थ त्यात आला. आजही ‘सिन्स ही लेफ्ट’चे ‘तो गेल्यापासून’ आणि ‘तो गेल्यामुळे’ असे दोन्ही अर्थ निघतात. जिथे घोटाळा होण्याचा संभव असेल तिथे कारणासाठी ‘बिकॉज’च वापरावा. हा ‘बिकॉज’ चौदाव्या शतकात फ्रेंच वळणावर घडला: ‘बाय’ आणि ‘कॉज’, म्हणजे अक्षरशः ‘कारणाने’. ‘दो’चे आजचे रूप स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांच्या बोलीतून आले आणि त्याला जोर देणारा ‘ऑल’ जोडून ‘ऑल्दो’ झाला. ‘अनलेस’ पंधराव्या शतकातला. ‘याहून कमी अटीवर नाही’ अशा अर्थाच्या शब्दसमूहाचे ते आखडलेले रूप आहे. नकार त्याच्या पोटातच आहे, हे पुढे उपयोगी पडेल.

प्रत्येक गौण वाक्यावर असा ठसठशीत शब्द बसल्यावर मुख्य वाक्यातल्या जोडीदाराची गरज उरली नाही. तो एकदम गेला मात्र नाही. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात ‘दो… येट’ जागोजाग आहे. १७९५ मध्ये लिंडले मरेने इंग्रजीचे व्याकरण छापले आणि पुढे अर्धशतकभर ते शाळाशाळांत चालले. त्याने जोडीने येणाऱ्या अव्ययांची यादीच दिली असून तिच्यात पहिली जोडी ‘दो–येट’ आहे. म्हणजे ‘दो’नंतर ‘येट’ लिहिणारा विद्यार्थी त्या काळच्या मास्तरांकडून शाबासकी मिळवून गेला असता. ही जोडी आजही चूक नाही, जराशी जुनी वाटते इतकेच. ‘इफ… देन’ तर रोजच्या वापरातले आहे.

मग ‘बट’लाच बंदी का? ‘येट’ आणि ‘देन’ यांना क्रियाविशेषण म्हणूनही स्थान आहे, त्यामुळे ते मुख्य वाक्याच्या आत मुक्कामाला राहू शकतात. ‘बट’ हा दोन समान दर्जाच्या वाक्यांमधला सांधा आहे. ‘ऑल्दो’ने पहिले वाक्य गौण करून टाकल्यावर समान दर्जाची दोन वाक्ये उरतच नाहीत, मग ‘बट’ने जोडायचे काय? शिकवताना हिशेब असा द्यावा: वाक्यातली पूर्ण क्रियापदे मोजा. दोन असतील तर सांधा एक, तीन असतील तर दोन. एका वाक्यात दोन अव्यये नकोत, हा शाळेतला नियम त्यामुळे जसाच्या तसा खरा नाही. ‘आय नो दॅट ही लेफ्ट बिकॉज ही वॉज टायर्ड’ यात सांधे दोन आहेत, कारण क्रियापदे तीन आहेत.

‘गौणत्वसूचक’ अव्यय हा वर्ग इतका सवयीचा झाला आहे की तो पहिल्यापासून असावा असे वाटते. तसे नाही. मरेने अव्ययांचे दोनच भाग केले होते, जोडणारी आणि विरोध दाखवणारी. पहिल्या भागात ‘अँड’च्या शेजारी ‘इफ’, ‘सिन्स’ आणि ‘बिकॉज’ आहेत. दुसऱ्यात ‘बट’च्या शेजारी ‘दो’ आणि ‘अनलेस’. वाक्याचा दर्जा कोणता, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही, तो अर्थ पाहून वर्गवारी करत होता. दर्जाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आला. कार्ल फर्डिनांड बेकरने वाक्याचे पृथक्करण मांडले, आणि ते इंग्लंडच्या शाळांत रुजवण्यात जे. डी. मोरेल या शाळा तपासनिसाच्या १८५२ मधल्या पुस्तकाचा मोठा वाटा होता. केवल, मिश्र, संयुक्त हे तीन प्रकार आणि नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य हे गौण वाक्याचे तीन प्रकार शाळेत स्थिरावले ते या लाटेवर. भारतात ते पुढच्या पिढीत नेसफील्डच्या आणि १९३० च्या दशकात मुंबईत छापलेल्या रेन व मार्टिनच्या व्याकरणाने घरोघर पोचवले.

मराठी व्याकरणातही हाच साचा उतरला. प्राचीन संस्कृत निरुक्तकार यास्काने पदांच्या चार जाती मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. त्यात उभयान्वयी अव्ययाला स्वतंत्र खण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले आणि शब्दांच्या आठ जाती मराठी शाळेत पाठ होऊ लागल्या. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय व्याकरण निघाले तोवर चर्चा बरीच खोल गेली होती. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आज घोकतो ते स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक आणि संकेतबोधक हे प्रकार या परंपरेचे आहेत. ही चौकट उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यामुळे मराठीत मिश्र वाक्य इंग्रजीसारखेच चालते असा समज होतो, आणि तिथूनच चुका सुरू होतात.

पहिला फरक असा की, इंग्रजीला जिथे गौण वाक्य लागते तिथे मराठी बहुधा कृदंतावर भागवते. ‘पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो’ हे मराठीत केवल वाक्य आहे. इंग्रजीत ‘आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट’ हे मिश्र. ‘थांबल्यावर’, ‘थांबताना’, ‘थांबल्यामुळे’, ‘थांबला असता’, ‘थांबूनही’ या प्रत्येकासाठी इंग्रजीत एकेक अव्यय आणि पूर्ण क्रियापद काढावे लागते. भाषांतराचा सराव जेव्हा–तेव्हापासून नव्हे, या रूपांपासून सुरू केला तर मुलांच्या इंग्रजीत मिश्र वाक्ये आपोआप येऊ लागतात.

दुसरा फरक ‘कारण’चा. ‘तो आला नाही. कारण तो आजारी होता.’ मराठीत ‘कारण’ने नवे वाक्य सुरू करणे सर्वमान्य आहे. औपचारिक इंग्रजीत ‘बिकॉज ही वॉज इल’ हे पूर्णविरामांच्या मध्ये एकटे उभे राहू शकत नाही, ते अपुरे वाक्य ठरते. उलट इंग्रजीत ‘बिकॉज ही वॉज इल, ही डिड नॉट कम’ असे कारण आधी घालता येते. मराठीत ‘कारण तो आजारी होता, तो आला नाही’ कानाला खटकते. तिथे आपण ‘तो आजारी होता म्हणून आला नाही’ म्हणतो. ‘बिकॉज’ने वाक्य सुरूच करू नये, हा वर्गात सांगितला जाणारा नियम त्यामुळे चुकीचा आहे. सुरू करावे, पण मुख्य वाक्य दिल्याशिवाय संपवू नये. गौण वाक्य आधी आले तर त्यानंतर स्वल्पविराम, नंतर आले तर सहसा नाही.

सर्वांत चिवट चूक नकाराची. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जाणार नाही’ यात मराठीला पहिला ‘नाही’ हवाच असतो. त्यातून ‘अन्टिल यू डोन्ट कम, आय विल नॉट गो’ जन्मते. ‘अन्टिल’ म्हणजे केवळ ‘त्या क्षणापर्यंत’, म्हणून तिथे ‘यू कम’ एवढेच पुरे. ‘अनलेस’चे तर वर आलेच आहे: नकार आधीच आत असताना ‘अनलेस यू डोन्ट स्टडी’ म्हटले की अर्थ उलटा होतो.

‘व्हेन ही विल कम’ ही चूकही मराठीच्या ‘तो येईल तेव्हा’मधून येते. प्राचीन इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूप नव्हते, वर्तमानकाळच दोन्ही कामे करी. पुढे ‘विल’ आणि ‘शॅल’ने भविष्यकाळ उभा राहिला तो मुख्य वाक्यात. वेळ आणि अट सांगणाऱ्या गौण वाक्यांत जुना वर्तमानकाळ टिकून राहिला. मध्यंतरी तिथेही ‘शॅल’ शिरला होता. १६११ च्या बायबलमध्ये आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘व्हेन… शॅल’, ‘इफ… शॅल’ अशा रचना आहेत. कायद्याच्या भाषेबाहेर त्या आता गेल्या.

कायद्याने इतरही जुने ठेवे जपले आहेत. इंग्रजी ठरावातील ‘व्हेअरॲज’साठी महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेत ‘ज्याअर्थी… आणि ज्याअर्थी… त्याअर्थी, आता’ अशी मालिका असते. ‘प्रोव्हायडेड दॅट’साठी कलमाखाली नुसते ‘परंतु’ येते. इथे मराठीने आपली जोडी सोडलेली नाही, आणि म्हणूनच पानभर लांबलेल्या वाक्यातही मुख्य क्रिया कुठे सुरू होते हे ‘त्याअर्थी’ पाहून लगेच सापडते.

राहिला आडून विचारलेला प्रश्न. ‘आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर वॉज ही गोइंग’ यात दोन चुका आहेत. ‘मी त्याला विचारले की तो कुठे चालला आहे’ यातल्या ‘की’चा ‘दॅट’ झाला, पण इंग्रजीत ‘व्हेअर’ स्वतःच सांध्याचे काम करतो. दुसरी चूक शब्दक्रमाची. क्रियापद कर्त्याआधी आणणे हे इंग्रजीत आता मुख्यतः स्वतंत्र प्रश्नापुरते उरले आहे, गौण वाक्यात कर्ता आधी. म्हणून ‘आय आस्क्ड हिम व्हेअर ही वॉज गोइंग’. ‘था… था’च्या काळी जो भेद सगळ्या वाक्यांत पाळला जाई, त्यातला हा एवढा तुकडा अजून वापरात आहे.

वर्गवारीवरचा वादही मिटलेला नाही. ‘आफ्टर लंच’मधले ‘आफ्टर’ शब्दयोगी आणि ‘आफ्टर ही केम’मधले उभयान्वयी, असे एकाच शब्दाचे दोन तुकडे कशाला, असे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सनने १९२४ मध्येच विचारले होते. २००२ मध्ये निघालेल्या केंब्रिजच्या मोठ्या व्याकरणाने ‘आफ्टर’, ‘बिफोर’, ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’ हे सगळे शब्द पूर्वसर्गांत (प्रिपोझिशनमध्ये) घातले आणि खऱ्या गौणत्वसूचकांत ‘दॅट’, ‘व्हेदर’ आणि प्रश्नार्थक ‘इफ’ असे फार थोडे ठेवले. शाळेची पुस्तके अजून मोरेलच्या मार्गानेच चालतात. परीक्षेत उत्तर त्याच वर्गवारीप्रमाणे लिहावे. वाक्यरचनेचे नियम दोन्ही मांडण्यांत तेच राहतात.