पेट्रोलचं प्रेशर कमी: पंप गेला की रेग्युलेटर?

जुन्या गाडीच्या रेलला, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, प्रेशर गेज लावला, काटा 3 बारऐवजी (बार म्हणजे प्रेशरचं माप) 1.8 वर थांबला, की खापर बहुतेकदा टाकीतल्या पंपावर फुटतं. टाकी उतरवतात, नवा पंप बसवतात, आणि काटा पुन्हा 1.8 वरच! प्रेशर कमी आहे एवढंच गेज सांगतो, ते कुणामुळे कमी आहे हे तो सांगत नाही. रेलच्या टोकाला बसलेला डबीएवढा रेग्युलेटर बिघडला तरी हाच आकडा दिसतो. गाडीच्या तक्रारीही त्याच असतात: सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पिकअप नाही, चढावर दम टाकते.

घोळ होतो तो एका समजुतीमुळे. पंप प्रेशर तयार करतो असं आपण धरून चालतो. खरं तर पंप नुसता पेट्रोल ढकलतो. झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. मोटार तीच, पाणी तेवढंच, जोर येतो तो अंगठ्यामुळे. इथे मोटार म्हणजे पंप आणि अंगठा म्हणजे रेग्युलेटर. रेग्युलेटरमध्ये एक स्प्रिंग आणि एक रबरी पडदा असतो. प्रेशर ठरलेल्या आकड्यापुढे गेलं की पडदा उचलला जातो आणि जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. मोटार थकली तरी धार मंदावते आणि अंगठा सैल पडला तरी मंदावते. रेग्युलेटरची स्प्रिंग ढिली झाली किंवा पडदा बंद होताना जिथे टेकतो त्या सीटवर कचरा अडकला, की अंगठा सैल पडतो.

पुढचं सगळं रिटर्न लाइन असलेल्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) पेट्रोल गाड्यांसाठी आहे. यांत प्रेशर साधारण 2.5 ते 3 बार असतं; नेमका आकडा त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडावर, एकच इंजेक्टर असलेल्या बऱ्याच गाड्यांत ते जेमतेम 1 बार असतं, तिथे 1 बार दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. बॉशच्या के-जेट्रॉनिक या जुन्या यांत्रिक इंजेक्शन सिस्टिमचं गणितच वेगळं, तिला हे आकडे लावू नयेत.

गेज लावण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या. रेलमधलं प्रेशर उतरतं. तरीही जोड सोडताना भोवती फडकं धरा, कारण थोडं पेट्रोल उडतंच. इंजिन थंड असावं, अग्निशामक हाताशी असावा, जागा मोकळ्या हवेची असावी. रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा टेस्ट व्हॉल्व्ह असेल तर गेज सरळ तिथे बसतो. नसेल तर सप्लाय होजमध्ये टी-जोड घालून चांगले क्लॅम्प आवळावे लागतात. फ्यूज परत लावून इंजिन सुरू केलं की आधी प्रत्येक जोड नजरेखालून घाला. कुठेही ओल दिसली तर लगेच बंद.

पहिली तपासणी सोपी आहे. आयडलिंगवर आकडा वाचा, मग इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) रेग्युलेटरला येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढून तिचं तोंड बोटाने बंद करा. आयडलिंगला हाच व्हॅक्यूम पडदा ओढून प्रेशर थोडं खाली ठेवतो. काटा साधारण 0.4 ते 0.6 बारने वर उडी मारायला हवा. नळी काढल्याबरोबर तिचं आतलं तोंड पाहा आणि वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर पडदा फाटलाय. तिथून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढलं जातं, म्हणून काळा धूर येतो, प्लगवर काजळी बसते आणि गरम इंजिन सुरू व्हायला त्रास देतं. इतकं दिसलं की रेग्युलेटर बदलायचा, पुढे शोधत बसायची गरज नाही. नळी कोरडी आहे पण काटा हललाच नाही, तर आधी नळीला चीर पडलीय का, ती चोक झालीय का ते पाहा. नळीत व्हॅक्यूम नीट येत असेल, तर काटा न हलणं हे पंपाची सगळी ताकद आधीच संपलेली असल्याचंही लक्षण असतं.

खरा निवाडा करते ती रिटर्न लाइन दाबण्याची तपासणी. इंजिन आयडलिंगवर ठेवून रिटर्नचा रबरी होज गोल जबड्याच्या होज क्लॅम्पने हळूहळू दाबा, नजर काट्यावर. काटा झरझर 4 बारच्या पुढे निघाला तर क्लॅम्प लगेच सैल करा. पंप दणकट आहे, दोष रेग्युलेटरचा. काटा रांगत रांगत 2.2 पर्यंत गेला आणि अडकला, तर टाकीकडून पुरेसं पेट्रोल येतच नाही. क्लॅम्प दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. पूर्ण अडवल्यावर चांगला पंप 5-6 बारपर्यंत सहज जातो आणि जुना होज तिथेच फाटू शकतो. प्लॅस्टिकचा पाइप कधीही दाबू नये, आणि वाकवल्यावर भेगा दाखवणारा रबरी होज आधी बदलावा.

टाकीकडून पेट्रोल कमी येतंय म्हणजे पंपच गेला, असं मात्र नाही. घाई इथेच नडते. पंपाआधी तीन संशयित तपासायचे असतात.

पहिला करंट. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा आणि बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून पाहा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर रिलेचे जळके पॉइंट, कनेक्टरच्या काळवंडलेल्या पिना आणि टाकीजवळचा अर्थिंगचा स्क्रू पाहा. त्या स्क्रूखालचा गंज घासून काढल्यावर ‘मेलेला’ पंप पुन्हा पूर्ण जोराने चालू शकतो. दुसरा फिल्टर. रिटर्न होज मापाच्या भांड्यात सोडून 30 सेकंदांत किती पेट्रोल पडतं ते पाहा. अर्ध्या लिटरपेक्षा कमी असेल तर पुरवठा अपुरा. नवा फिल्टर लावून पुन्हा मोजा. तिसरी टाकीतली जाळी. ती चोक झाली की पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो, गाडी चालता चालता मरगळते आणि दहा मिनिटं उभी केली की पुन्हा नीट पळते, कारण पंप थांबल्यावर जाळीला चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो. या तिन्हींत काही सापडलं नाही, तरच पंप.

पंपाचे अँपिअर मोजणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. असे पंप साधारण 4 ते 7 अँपिअर घेतात. पंपापुढचा फिल्टर तुंबला की पंपावर ताण येतो आणि आकडा वाढतो. पण झिजलेला पंप, चोक झालेली जाळी आणि उघडा राहिलेला रेग्युलेटर या तिघांतही आकडा कमीच येतो. म्हणून नुसत्या अँपिअरवरून निकाल देऊ नये. रिटर्न दाबल्यावर प्रेशरबरोबर अँपिअरही चढले, तर पंपात जीव आहे.

उभ्या गाडीत सगळं ठीक आणि रस्त्यावर तक्रार, असं असेल तर लांब होजचा गेज बॉनेटच्या फटीतून काढून काचेसमोर पक्का बांधा आणि काटा पाहायला शेजारी दुसरा माणूस बसवा. गेजचा होज गरम किंवा फिरत्या भागांना लागता कामा नये. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर व्हॅक्यूम जातो, त्यामुळे प्रेशर आयडलिंगपेक्षा वाढायला हवं. ढिला रेग्युलेटर आयडलिंगलाही कमी दाखवतो आणि चढावरही तेवढाच कमी. पुरवठा कमी पडत असेल तर आयडलिंगला आकडा बरोबर येतो आणि नेमका लोडवर कोसळतो.

याच जोडीचा गोंधळ इंजिन बंद केल्यावरही होतो. वीस मिनिटं उभी राहिलेली गरम गाडी लवकर सुरू होत नाही, कारण रेलमधलं प्रेशर उतरून गेलेलं असतं. पंपाच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारा) गळत असेल तरी ते उतरतं, रेग्युलेटर नीट बसत नसेल तरी उतरतं. इंजिन बंद करताक्षणी गेजच्या अलीकडे, टाकीच्या बाजूचा सप्लाय होज दाबा. काटा टिकला तर दोष पंपाच्या व्हॉल्व्हचा. नाही टिकला, तर इंजिन पुन्हा सुरू करून बंद करा आणि या वेळी रिटर्न दाबा; आता टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही होज एकदम दाबूनही काटा खाली सरकतच राहिला, तर एखादा इंजेक्टर गळतोय. मग प्लग काढून पाहायचे: एखाद्याचं टोक पेट्रोलने ओलं दिसलं, तर आधी त्याच सिलिंडरचा इंजेक्टर काढून तपासायचा.