खिडकीपासून दारापर्यंत: दीर्घकालीन बेरोजगारांसाठीच्या संपर्ककार्याची पार्श्वभूमी

बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम नसलेल्या आणि काम शोधत असलेल्या व्यक्तीला आंतरराष्ट्रीय आकडेवारीत सर्वसाधारणपणे दीर्घकालीन बेरोजगार मानले जाते. अमेरिकेत ही मर्यादा २७ आठवड्यांची आहे. या व्याख्येतील ‘काम शोधत असलेल्या’ हे शब्द दिसतात तितके साधे नाहीत. वारंवार नकार पचवून ज्याने अर्ज करणेच सोडले, तो बेरोजगारांच्या मोजणीतून निघून ‘श्रमशक्तीबाहेरील’ रकान्यात जातो. त्याची गरज वाढलेली असते, नोंद मात्र पुसली गेलेली असते. अशा माणसाला त्याच्या वस्तीत, त्याच्या दाराशी जाऊन भेटण्याच्या पद्धतीला आज संपर्ककार्य म्हणतात. तिचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा असून, ती या काळात अनेकदा सुरू झाली आणि अनेकदा विसरली गेली.

तिचे एक मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वस्तीगृह चळवळीत सापडते. १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल आणि १८८९ मध्ये शिकागोत जेन अ‍ॅडम्स व एलेन गेट्स स्टार यांचे हल हाउस उभे राहिले. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहायला जावे आणि शेजारी म्हणून तिथल्या लोकांचे प्रश्न समजून घ्यावेत, ही त्यामागची कल्पना होती. पुढे ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षेचे शिल्पकार ठरलेले विल्यम बेव्हरिज १९०३ पासून काही काळ टॉयन्बी हॉलमध्ये पदाधिकारी होते आणि बेकारीचा प्रश्न त्यांनी तिथेच जवळून पाहिला. त्यांच्या विचारांतून आकाराला आलेली यंत्रणा मात्र कार्यालयाची होती. १९०९ च्या कायद्यानुसार १ फेब्रुवारी १९१० रोजी ब्रिटनमध्ये सरकारी रोजगार विनिमय केंद्रे उघडली. कामगाराने गिरणीच्या एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर वणवण करण्यापेक्षा एका ठिकाणी नाव नोंदवावे आणि मालकानेही तिथेच माणूस मागावा, ही सोय त्या काळी मोठीच होती. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच अधिवेशनात बेकारीविषयक करार संमत झाला आणि मोफत सरकारी रोजगार केंद्रांचा पुरस्कार त्यात करण्यात आला. कामगार स्वतःहून खिडकीशी येईल, हे या व्यवस्थेचे गृहीतक होते. नुकतेच काम सुटलेल्या माणसाच्या बाबतीत ते बहुतांशी खरेही ठरे.

ते कुठे लंगडे पडते, हे ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या छोट्या कामगार वसाहतीने दाखवले. व्हिएन्नाजवळच्या या वसाहतीचे सारे जीवन एका कापड गिरणीवर चाले आणि १९२९-३० मध्ये ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या गटाने १९३१-३२ मध्ये तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वसाहतीतील ४७८ कुटुंबांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे बेकारभत्त्यावर जगत होती. रिकामा वेळ अमाप होता, ग्रंथालयाची वर्गणीही माफ झाली होती. तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने चालताना वारंवार थांबत आणि बहुतेकांनी खिशात घड्याळ बाळगणे सोडले होते. बेकारीतून बंड उसळेल, असा त्या काळी अनेकांचा कयास होता. अभ्यासकांना आढळली ती मुख्यतः आवराआवर, इच्छांची आणि अपेक्षांची.

या अभ्यासाची कार्यपद्धती, माझ्या मते, त्याच्या निष्कर्षांइतकीच मोलाची आहे. मारिएन्थालमध्ये कोणीही केवळ निरीक्षक म्हणून राहायचे नाही, प्रत्येकाने वसाहतीच्या उपयोगाचे काहीतरी करायचे, असा नियम गटाने स्वतःला घालून घेतला होता. त्यांनी व्हिएन्नात जुने कपडे गोळा केले, ते दुरुस्त करून घेतले आणि कोणाला काय हवे हे विचारण्यासाठी शंभर कुटुंबांना घरी जाऊन भेट दिली. मोफत वैद्यकीय तपासणी आणि शिवणाचा वर्ग हेही उपक्रम चालले. प्रश्नावली घेऊन गेले असते तर जी दारे बंद राहिली असती, ती कोटाच्या मापाच्या निमित्ताने उघडली आणि माणसे आपली कहाणी सांगू लागली. आधी उपयोगी पडावे आणि मग विचारावे, हा क्रम आजही संपर्ककार्यातील जाणते लोक पाळतात.

याच ठिकाणी, म्हणजे मारिएन्थाल ज्या ग्रामाटनॉइसीडल गावाचा भाग आहे तिथे, ऑक्टोबर २०२० मध्ये प्रादेशिक रोजगार सेवेने रोजगार हमीचा एक प्रयोग सुरू केला. वर्षभराहून अधिक काळ बेकार असलेल्या गावातील प्रत्येकाला आधी काही आठवड्यांची तयारी आणि नंतर रास्त वेतनाचे काम देऊ करण्यात आले. ते स्वीकारण्याची सक्ती नव्हती. अर्थतज्ज्ञ मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेह्नर यांच्या पाहणीत गावातील दीर्घकालीन बेरोजगारी जवळजवळ नाहीशी झाल्याचे दिसले. त्याबरोबरच दिवसाला लागलेली शिस्त, माणसांमधला वावर आणि आपण कोणाच्या उपयोगी पडतो ही भावनाही वाढलेली आढळली.

१९३० च्या दशकात इतरत्रही प्रयत्न झाले. अमेरिकेने १९३३ आणि १९३५ मध्ये सुरू केलेल्या सार्वजनिक कामांच्या योजनांनी लाखो लोकांना प्रत्यक्ष काम दिले. वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बेकारांसाठी केंद्रे आणि सहकारी उत्पादनाचे प्रयोग चालवले. त्यांपैकी एका प्रयोगात खाणकामगारांनी स्वतःच्या वापराच्या वस्तू पिकवायच्या किंवा बनवायच्या आणि त्या उत्पादनखर्चात घ्यायच्या, अशी योजना होती, वेतन नव्हते. मारिएन्थालच्या याहोदा यांनीच १९३७-३८ मध्ये त्याचा अभ्यास केला. पैशाची मजुरी नसलेले काम त्या पुरुषांना खरे काम वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. सद्भावनेने चालवलेल्या योजनेला आपल्या टीकेने धक्का बसू नये, म्हणून त्यांनी हा अहवाल मागे ठेवला आणि तो १९८७ मध्ये प्रकाशित झाला. वस्तीत जाणे पुरेसे नसते, तिथे काय घेऊन जातो हेही तितकेच महत्त्वाचे असते, हा त्यातला बोध पन्नास वर्षे दडून राहिला याची खंत वाटते.

महायुद्धानंतरच्या तेजीच्या काळात हा विषय मागे पडला. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो परत आला आणि १९८० च्या दशकात पश्चिम युरोपातील बेकारांचा मोठा हिस्सा वर्षभराहून अधिक काळ कामाबाहेर असल्याचे दिसू लागले. ब्रिटनने १९८६ मध्ये दीर्घकालीन बेकारांना मुलाखतीस बोलावण्याची योजना देशभर राबवली. तिच्यामुळे पूर्वी कोणी विचारपूस न केलेल्या अनेकांशी बोलणे झाले, हे मान्य करावे लागेल. परंतु मुलाखतीस न आल्यास भत्ता धोक्यात येई. मदत करणारा आणि तपासणी करणारा एकच असला, की माणूस मोकळेपणाने बोलत नाही, आणि ही अडचण आजही सुटलेली नाही.

वेगळी वाट अमेरिकेतील ‘जॉब्स-प्लस’ या प्रयोगाने दाखवली. १९९८ पासून काही शहरांतील सार्वजनिक गृहसंकुलांत रोजगार केंद्र थेट संकुलातच आणले गेले, कमाई वाढली म्हणून घरभाडे त्याच प्रमाणात वाढू नये अशी तरतूद झाली आणि रहिवाशांपैकीच काही जण घरोघरी जाऊन शेजाऱ्यांना माहिती देऊ लागले. जिथे हे तिन्ही भाग नीट राबवले गेले, त्या तीन संकुलांत रहिवाशांची कमाई तुलनेतील संकुलांपेक्षा सरासरी १४ टक्क्यांनी अधिक राहिली; जिथे अंमलबजावणी अर्धवट राहिली, तिथे तसा परिणाम दिसला नाही.

दुसरी बाजू मालकाची आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज प्रत्यक्ष जाहिरातींना पाठवण्यात आले, तेव्हा बेकारीचा काळ जसजसा लांबला तसतशी मुलाखतीची बोलावणी घटत गेली. ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. म्हणून संपर्ककार्यकर्त्याला बेकाराच्या घराइतक्याच चकरा कारखान्याच्या आणि दुकानाच्या दारी माराव्या लागतात.

युरोपीय संघाच्या परिषदेने फेब्रुवारी २०१६ मध्ये सदस्य देशांना शिफारस केली, की दीर्घकालीन बेकारांना नोंदणीसाठी प्रवृत्त करावे आणि प्रत्येकाशी फार तर १८ महिन्यांच्या आत वैयक्तिक करार करावा. त्याच महिन्यात, २९ तारखेला, फ्रान्सने ‘दीर्घकालीन बेकार नसलेले प्रदेश’ या प्रयोगाचा कायदा केला. त्याची कल्पना एटीडी कार् मोंद या दारिद्र्यविरोधी चळवळीने पुढे आणली होती. सुरुवातीला दहा छोटे प्रदेश निवडले गेले. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही संख्या साठपर्यंत नेण्याची मुभा दिली. या प्रयोगाच्या खर्चाबद्दल फ्रान्समध्ये वाद चालू आहे. पण त्याचा आरंभ जिथून होतो ती रीत पाहण्यासारखी आहे. स्थानिक समिती आपल्या हद्दीतील सर्व दीर्घकालीन बेकारांना, रोजगार कार्यालयात ज्यांचे नावही नाही अशांनाही, शोधून भेटते. त्या भेटीत प्रत्येकाला तुम्हाला काय येते आणि काय करायला आवडेल, हे विचारले जाते. परिसरातील कोणती गरज आज कोणीच भागवत नाही, याची यादीही तयार होते आणि या दोन्हींचा मेळ घालून नवा उपक्रम कायमस्वरूपी नोकरी देतो.