कुष्ठरोगात बोटं झडत नाहीत

कुष्ठरोगाने हातापायांची बोटं झडतात, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी माणसं घराबाहेर काढली गेली.

हा आजार ज्या जिवाणूमुळे होतो, तो १८७३ साली नॉर्वेचे डॉक्टर हान्सेन यांनी शोधला. जिवाणू त्वचेवर आणि तिच्याजवळच्या नसांवर हल्ला करतो. नस निकामी झाली की तिथली संवेदना जाते. मग गरम भांडं धरलं तरी चटका कळत नाही, पायात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळते, संसर्ग हाडापर्यंत पोचतो, हाड झिजून बोट आखूड होतं. बोट गळून पडत नाही. दुखणंच न कळल्याने त्याची हानी होत राहते. ही हानी टाळता येते, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

बधिर चट्टा दिसला की लगेच तपासणी करावी. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ही औषधं १९९५ पासून मोफत मिळतात. उपचार सुरू झाल्यावर लवकरच संसर्ग पसरणं थांबतं. हस्तांदोलनाने किंवा शेजारी बसल्याने तर तो होतच नाही.

वाकडी, आखूड बोटं हा जुन्या इजेचा परिणाम. उपचार पूर्ण केलेली अशी व्यक्ती बरी झालेली असते. तिला नोकरी किंवा घर नाकारायला वैद्यकीय कारण उरत नाही. तिला हवी असते ती मऊ तळाची पादत्राणं आणि हातपाय रोज नीट पाहण्याची सवय.