एसेस गो प्लेसेस (१९८२ चा सिनेमा)

एसेस गो प्लेसेस हा जानेवारी १९८२ मधे हाँगकाँगला लागलेला कॅन्टोनीज (हाँगकाँगमधे बोलली जाणारी चिनी भाषा) अ‍ॅक्शन कॉमेडी सिनेमा. चिनी नावाचा अर्थ साधारण 'एक नंबर जोडीदार', आणि परदेशात तो मॅड मिशन या नावानेही फिरला. डायरेक्टर एरिक त्सांग, कंपनी सिनेमा सिटी, लीडला सॅम हुई, कार्ल माका आणि सिल्व्हिया चँग.

गोष्ट हिऱ्यांच्या चोरीची आहे पण चोरी सुरवातीलाच उरकते आणि खरी धमाल तिथून पुढे. किंग काँग नावाचा चोर (सॅम हुई) माफियाचे हिरे उडवतो, त्याचा साथीदार ते लपवतो आणि कुठे लपवले याचा पत्ता चक्क दोन मुलींच्या अंगावर गोंदवून ठेवतो. त्याच हिऱ्यांच्या मागे व्हाइट ग्लोव्ह्ज हा युरोपातला नामचीन गुन्हेगार लागलेला, त्यामुळे चोराला शेवटी अमेरिकेतून आलेल्या एका टकल्या डिटेक्टिव्हबरोबर (कार्ल माका) काम करावं लागतं आणि दोघांच्या डोक्यावर बसलेली तापट पोलिस अधिकारी नॅन्सी हो, म्हणजे सिल्व्हिया चँग. या टकल्याचं नाव कोडीजॅक, त्या काळच्या कोजॅक या अमेरिकन टीव्हीवरच्या टकल्या डिटेक्टिव्हवरून घेतलेलं. बाँडपटांची नक्कल तर जागोजागी आहे. माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाड्या, स्फोटकं लावून गुंडांवर सोडलेल्या. पोरांचा खेळ आणि मारामारी एकाच सीनमधे, आणि दोन्ही तितक्याच मन लावून केलेलं.

हा सिनेमा एवढा महत्त्वाचा का, तर थोडं मागे जायला लागेल. सत्तरच्या दशकाच्या सुरवातीला हाँगकाँगमधे लोक घरी बाजारात कॅन्टोनीज बोलायचे पण पडद्यावर सगळी मँडरिन (उत्तरेकडची चिनी भाषा), १९७२ च्या आसपास तर कॅन्टोनीज सिनेमे जवळजवळ बंदच पडले होते. मग १९७३ पासून भाषा परत आली, त्यात मायकेल, रिकी आणि सॅम या हुई भावांच्या कॉमेडींचा मोठा हात. सॅम हुई कॅन्टोनीज पॉप गाण्यांचा सुपरस्टार पण होता, म्हणजे इथे चोर म्हणून जो दिसतो त्याचा आवाज लोकांच्या आधीच ओळखीचा.

सिनेमा सिटी १९८० ला कार्ल माका, रेमंड वाँग आणि डीन शेक यांनी काढली. यांची काम करायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. मंडळी रात्र रात्र एका खोलीत बसून गोष्ट रचायची, लिहायचं काम रेमंड वाँगचं, आणि सिनेमा रिळांच्या (एक रीळ म्हणजे साधारण दहा मिनिटांची फिल्म) हिशोबाने तोलायचे, अमुक रिळात हसू किती, मारामारी किती, एकही रीळ कोरडं जाता कामा नये. म्हणून मधेच कुठे गोष्ट पातळ होते हे खरं, पण कंटाळा येत नाही, दहा मिनिटांत काहीतरी घडतंच.

पिक्चरने हाँगकाँगमधे २.६ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर धंदा केला, तेव्हाचा रेकॉर्ड. दुसऱ्या हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समधे बेस्ट अ‍ॅक्टर कार्ल माका झाला, कॉमेडीसाठी!

पुढे १९८३, १९८४, १९८६ आणि १९८९ ला आणखी चार भाग आले. तिसरा डायरेक्टर त्सुई हार्कचा, त्यात ब्रिटनच्या राणीचे दागिने आणि बाँडपटात 'जॉज' हा गुंड झालेला रिचर्ड कील. चौथा रिंगो लॅमने केला. टकल्या आणि नॅन्सीचं दुसऱ्या भागात लग्न होतं आणि नंतर त्यांचं पोरगंही या भानगडीत येतं.